पिंपळपानाच्या काळ्या शिरा

७ एप्रिल

काळे मणी संपले! पान अर्ध्यावर, आणि नेमके काळेच. सोनेरी डबाभर पडलेत, पण सोनेरी पानाला सोनेरी शिरा काढून दिसणार काय? कपाळ!

वैशाख पौर्णिमेला विहारात मूर्तीसमोरच्या कमानीत मण्यांचं मोठं पिंपळपान टांगायचं ठरलंय. खाली पंचरंगी झुपका. महिला मंडळाच्या बाया आपापल्या दारासाठी छोटी पानं करतायत, मीच शिकवली. मोठं मात्र मी एकटीनं. लक्ष्मीबाई, आमच्या मंडळाच्या अध्यक्ष, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तनुजाच्या हाताला लई वळण हाय. मोठं पान तिलाच द्या." तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. माझा नवरा अभय म्हणतो, घरात पोळ्या पण आता कलाकारासारख्या वाकड्या व्हायला लागल्या.

टाका तसा सोपा. खालच्या ओळीतल्या दोन मण्यांमधला दोरा सुईनं उचलायचा, नवा मणी ओवायचा, त्याच मण्यातून सुई परत वर. भिंतीत विटा बसाव्यात तसे मणी बसतात. कडेला एकेक वाढवत गेलं की पान पसरतं, एकेक कमी केलं की टोक निघतं. अट एकच — दोरा ताठ पाहिजे. सैल सुटला की पान लुळं पडतं.

आता काळ्या मण्यांसाठी या उन्हात गुलमंडीच्या बाजारात जा! पडेगावातून बस नाही धड, डोक्यावर आग. जायचं टाळत होते, तेवढ्यात नळाला पाणी आलं. आठव्या दिवशी. माझी टाकी भरली आणि मग शेजारी कमरुन्निसा खालांची भरायला गेले. खाला, त्यांचा मुलगा मोईन आणि सून लाइबा परभणीला लग्नाला गेलेत. अशा वेळी त्यांची चावी माझ्याकडं असते, आम्ही गावाला गेलो की आमची त्यांच्याकडं. पंधरा वर्षांचा रिवाज आहे.

मोटार लावून बसले त्यांच्या शिलाई मशीनपाशी. खाला नेहमी म्हणतात, "सुई-धागा, बटन, कुछ बी लगा तो ड्रावर में से ले लेना तनु, पूछना नक्को." म्हणून उघडला ड्रॉवर. रिळांच्या खाली सुपारीची एक जुनी पत्र्याची डबी. आत काळ्या मण्यांचा गुंता! दोरे ठिकठिकाणी तुटलेले, कुजलेले. पण मणी? बारीक, काचेचे, एकसारखे. मोहरी परवडली इतके बारीक. अशी चमक आजकालच्या मण्यांना नसतेच.

नशीब लागतं! डबीच उचलून आणली. आल्यावर सांगेन खालांना.

११ एप्रिल

शिरा पूर्ण. मधली जाड शीर आणि तिच्यातून फुटलेल्या बारीक बारीक. दारात धरून उन्हात बघितलं — माझंच मला खरं वाटेना. जुने दोरे कात्रीनं कापून सगळे मणी वाटीत मोकळे केले होते. एकही उरला नाही. दोरा प्रत्येक मण्यातून तीन-तीनदा फिरवलाय, आता हे पान माझी नातवंडं बघतील.

खाला परत आल्या. चावी दिली. टाकी भरली होती म्हणून दुवा दिल्या, परभणीच्या लग्नात मटण कच्चं होतं ते सविस्तर सांगितलं. मण्यांचं सांगायचं राहिलं. उद्या सांगते.

१४ एप्रिल

क्रांती चौकापर्यंत पायी गेलो, पायी आलो. पायांचे तुकडे झालेत. जय भीम.

१७ एप्रिल

पान विहारात दिलं. लक्ष्मीबाईंनी हातात घेतलं आणि बोलायच्याच थांबल्या. त्या बोलायच्या थांबल्या! मग सगळ्या गोळा झाल्या. मंडळातली सुरेखा म्हणाली, "शिरा बघा की, खऱ्या पानाच्या झाल्यात." लक्ष्मीबाईंनी चष्मा पुसून परत लावला. "असले बारीक मणी म्या जन्मात बघितले नाय. कुठं घावले गं?"

आणि मी म्हटलं, "गुलमंडीवर. एका दुकानात शोधून शोधून काढले."

का म्हटलं? शेजारणीच्या ड्रॉवरमधून आणले म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळत होतं? पण तेव्हा कौतुकाचा असा पूर आला होता, त्यात "शोधून शोधून" आपोआप निघालं तोंडातून. वर हातवारे करून सांगितलं, किती दुकानं पालथी घातली ते. घातली असती तर एवढं रंगवता आलं नसतं.

खालांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या दारावरून दोनदा गेले. एकदा त्या नमाजला बसल्या होत्या. दुसऱ्यांदा नव्हत्या.

१९ एप्रिल

सुरेखाला त्या दुकानाचं नाव पाहिजे. म्हटलं, संपला असेल माल. आता दुकानात माल पण मीच भरायचा आणि मीच संपवायचा.

२१ एप्रिल

दुपारी भांडी घासत होते. आमची आणि खालांची भिंत एकच, पलीकडं फोडणी टाकली तरी कळतं. आज फोडणी नव्हती.

"मेरी पोत! मेरी पोत की डबी किदर गई?"

आधी वाटलं, काहीतरी हरवलंय, सापडेल. मग ड्रॉवर खाली ओतल्याचा आवाज. रिळं घरंगळली. लाइबा म्हणत होती, "अम्मी, मैंने नै देखी. कसम से." आणि खाला, "तूच सफाई करी थी ना ईद के पहले? कचरे में डाली क्या? बोल! उनके नाम की पोत थी. शादी की पोत. वो गए तब ननद ने तोड़ी, मैं एक-एक दाना चुन के रखी. एक-एक दाना!"

नळ चालूच राहिला. पाणी वाहून गेलं, तेही या टंचाईच्या दिवसांत.

पोत. लग्नात त्यांच्यात नवरीच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत घालतात, माहीत आहे मला. खालांचे शफीकमिया गेल्या वर्षी गेले. त्या दिवशी मी तिथंच होते की! स्वयंपाकघरात बायांसाठी चहा करत होते. बाहेर पोत तुटली आणि खालांनी फरशीवरून मणी वेचले, तेव्हा मी साखर शोधत असणार.

आणि मी कात्रीनं उरलेले दोरे कापले. वाटीत ओतले. नशीब लागतं म्हणाले.

२२ एप्रिल

रात्रभर एकच विचार. मला ओळखू कशी आली नाही?

आमच्या घरात काळे मणी नाहीत. माझे सासरे, रामकिसन मामा, चळवळीतले. लग्नात त्यांनी सांगून टाकलं, "या घरात काळा मणी येणार नाय. गळ्यात बांधून घेतलेलं कायबी नको." पांढऱ्या मोत्यांची माळ घातली मला, तीही हौस म्हणून. मला तेव्हा अभिमान वाटला, आजही वाटतो. माहेरच्या बायकांना मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले, मणी म्हणजे काच, त्यात काय असतं? त्यामुळं डबीत बघितलं तेव्हा काचच दिसली.

पण हे सगळं मी स्वतःला पटवतेय. खालांच्या गळ्यात ती पोत चौदा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होती. ओढणी सरकली की दिसायची. रोज दारात उभं राहून गप्पा मारल्या, त्यांची लोणची खाल्ली, त्यांच्या गॅलरीत माझ्या कुरडया वाळल्या. आणि गळ्यात काय आहे ते मी एकदाही नीट बघितलं नाही. याला चळवळ म्हणत नाहीत. लाज वाटते. लाज वाटते, लाज वाटते.

सकाळी सांगायचंच असं ठरवून उठले. केस विंचरले, पदर नीट केला. निघणार तर खालाच दारात!

"तनु, तू पानी भरने आई थी ना, तब ड्रावर में सुपारी की डबी देखी क्या? छोटी, पत्र्याची."

मी म्हटलं, "नाही खाला."

एवढंच. पटकन निघालं. मग वर म्हटलं, "नीट बघा, सापडेल." खालांनी मान हलवली. "तू देखी होती तो याद रहता. जाने दे." आणि ओढणीनं डोळे पुसत गेल्या. ती डबी तेव्हा माझ्या ओट्याखालच्या कप्प्यात होती. रिकामी. दोन हातांवर.

२४ एप्रिल

आज खरंच गुलमंडी पालथी घातली. शहागंजही. खोटं बोलले होते ते पायांनी भरलं. काळे मणी आहेत की, ढिगानं आहेत! प्लास्टिकचे, नाहीतर जाडे, छिद्रं वाकडी. एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "वो पुराना माल है बाई, अब नै आता. किसी के घर में हो तो हो."

तिथून सरळ विहारात. ठरवलं होतं, पान मागून घ्यायचं, उसवायचं, मणी डबीत भरायचे आणि डबी गुपचूप ड्रॉवरच्या मागच्या फटीत टाकायची. बघा, तेव्हासुद्धा गुपचूपच सुचत होतं.

पान कमानीत चढलेलं. लक्ष्मीबाई स्टुलावर उभं राहून झुपका सारखा करत होत्या. म्हटलं, एक शीर जरा सैल वाटते, घरी नेऊन नीट करते. त्या वळल्यासुद्धा नाहीत. "काय सैल नाय न् काय नाय. आता ते तुझं नाय, विहाराचं झालं. हात लावशील तर बघ."

आणि उसवणार तरी काय! तीन-तीनदा दोरा फिरवलाय, ओढून निघणार नाही. कापावाच लागणार. कापला की सगळं पान भुईवर.

२६ एप्रिल

लाइबानं कबूल केलं.

पलीकडं चार दिवस तेच चाललं होतं. मोईन कंपनीतून आला की पुन्हा तोच विषय. काल संध्याकाळी लाइबाचा आवाज चढला, "हौ! मैंनेच फेंकी! कचरे में गई! अब बस?" आज सकाळी ती पिशवी घेऊन खाली उतरली. माहेर दौलताबादला, जवळच आहे. जाताना माझ्याकडं बघून हसली पोरगी. "भाभी, मेरी तुळस को पानी डाल देना." सर्दीला लागते म्हणून कुंडीत लावलीय तिनं. लग्नाला वर्षही झालं नाही तिच्या.

मला काय वाटलं ते लिहितेच, इथं तरी खोटं नको. सुटले, असं वाटलं. प्रकरण मिटलं, कोणीतरी नाव घेतलं, आता मला कोण विचारणार? एवढं हलकं वाटलं की मी गॅसवर चहा ठेवला. चहा उकळला आणि मग कळलं मी काय करतेय. ओतून दिला.

२८ एप्रिल

अभयला सांगितलं. वाटलं ओरडेल, बरं होईल. तर म्हणतो, "मुद्दाम केलं का तू? नाय ना? मग पौर्णिमा होऊ दे. मण्यावरून शेजार तोडायचा का आता?" आणि पंखा वाढवून झोपला. याच्यापेक्षा ओरडला असता तर बरं होतं.

तुळशीला पाणी घालते. सकाळ-संध्याकाळ. मेली तर तेवढंच बाकी राहिलंय.

३० एप्रिल

खालांच्या घरातून काहीच आवाज नाही. आज फोडणीचाही नाही. दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन गेले दारापर्यंत. बेल वाजवायला बोट नेलं. आणि ताट तसंच परत घेऊन आले! माझ्याच घरात न्हाणीघरात जाऊन बसले, जणू त्या माझ्या मागं आल्या असत्या. चाळिशीची बाई मी.

१ मे

पौर्णिमा.

सकाळी सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मूर्तीसमोर मेणबत्त्या, वर कमानीत पान. पंख्याच्या वाऱ्यानं हळू हळू फिरत होतं. शिरा चमकत होत्या. पहिल्या रांगेत बसवलं मला, मान म्हणून.

पंचशील सुरू झालं. जन्मभर म्हणत आलेय, झोपेतही म्हणेन. दुसरं आलं, न दिलेलं घेणार नाही. माझा आवाज खाली गेला. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. तिथं तर गेलाच. शेजारी सुरेखा खणखणीत म्हणत होती. मी नुसते ओठ हलवले. पान डोक्यावर फिरतंय, आणि मी खाली चोर. याच्यापेक्षा त्या पानानं माझ्या डोक्यात पडायला हवं होतं.

खिरीचं वाटप सुरू झालं, डाव माझ्या हातात. आणि दारात कोण? खाला! डबा घेऊन. दर वर्षी येतात, पौर्णिमेची खीर चुकवत नाहीत. यंदा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. लक्ष्मीबाईंनी हाताला धरून आत आणलं. "या या, कमरुन्निसाबाई. आमच्या तनुजानं पान केलंय, बघा तरी."

खाला बघत राहिल्या. माझ्या हातातला खिरीचा डाव टोपात पडला.

लक्ष्मीबाई कौतुकात. "आन् हे मणी बघा! गुलमंडीत धुंडून धुंडून काढले तिनं." खाला माझ्याकडं वळल्या. आता बोलतील, असं वाटलं. बोलू देत, सगळ्यांसमोर बोलू देत. पण त्यांचा चेहरा तर उजळला!

"तनु, मेरे जैसेच हैं रे. बिलकुल वैसे. मिलते क्या अब्बी? मेरेकू वो दुकान दिखा. कल चल मेरे साथ."

मी म्हटलं, "कशाला खाला?" असं म्हणायला जीभ कशी वळली देव जाणे, आणि देवाला तर आम्ही मानत नाही.

त्यांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात, अर्धं हिंदी, अर्धं मराठी, त्यांचं नेहमीचं. "उनके वाले तो गए. पर वैसे मिले तो डबीत भरून ठेवते. लाइबाला बोलते, देख, मिल गई पोत, कचऱ्यात नव्हतीच. तो पोरगी वापस आएगी. मैं बहोत बोल दी उसकू, तनु. बहोत. मला लाज वाटते तिच्या घरी जायला."

लाज त्यांना वाटते.

उद्या अकराला तयार राहा म्हणाल्या. मी त्यांचा डबा खिरीनं भरून दिला. दोन डाव जास्त घातले, याच्यापुढं माझी अक्कल गेली नाही.

२ मे

खालांना गुलमंडीला नेलं नाही. विहारात नेलं. पानाखाली उभं केलं आणि म्हटलं, "खाला, दुकान हेच. हे तुमचेच आहेत." रिकामी डबी हातात दिली. मग सगळं सांगितलं. मोटार, ड्रॉवर, कात्री, "नाही खाला" म्हटलं ते, लाइबा गेली तेव्हा चहा ठेवला तेसुद्धा.

त्यांनी टाचा उंचावून हात वर नेला. मधल्या शिरेवरून बोट फिरवलं, वरून खाली. मग एकच विचारलं. "तो लाइबा ने हौ कायकू बोला?"

म्हटलं, "तुम्ही रोज विचारत होतात म्हणून."

मण्यांचं पुढं एक अक्षर नाही. पान उतरवायचं का ते नाही. मला शिवी नाही, माफी नाही. ओढणी सारखी केली आणि चपला घातल्या. "रिक्षा बुला. दौलताबाद जाना है." चालत घरापाशी आलो, मी रिक्षा थांबवली, त्यांना बसवलं आणि मागं सरकले. तर आतून म्हणाल्या, "तू किदर चली? तू बी बैठ. जो मेरेकू बोली, वोइच उसके सामने बोल."

पर्स घेऊन येते म्हणून वर आले आणि हे लिहितेय. खाली हॉर्न वाजतोय. खिडकीतून बघितलं, खाला एका कडेला सरकून बसल्यात, माझ्यापुरती जागा ठेवून.